चमचा, मेणबत्ती आणि मूत्रपिंडं

लंडनचा डॉक्टर रिचर्ड ब्राइट रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायचा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. अंगावर सूज असलेल्या काही रुग्णांची लघवी तापली की अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी गोठायची. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली दिसत. १८२७ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केलं. चमच्यात गोठायचं ते अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन. ते लघवीत यायलाच नको.

एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. गाळणी शाबूत असेल तर अल्ब्युमिन जवळजवळ निसटतच नाही. पण जन्मानंतर नवे नेफ्रॉन तयार होत नाहीत. काही निकामी झाले की उरलेले जास्तीचं काम ओढतात, आणि त्या वाढीव दाबाने तेही झिजू लागतात. माणसाला मात्र काही जाणवत नाही. ना दुखतं, ना लघवी कमी होते.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, तपासणीत मोजतात; पण तेही बराच काळ फसवतं. गाळण्याची क्षमता निम्म्यावर येईपर्यंत ते ‘नॉर्मल’च्या आसपास राहू शकतं. शिवाय ते स्नायूंतून येतं, त्यामुळे आकडा एकच असला तरी अर्थ वेगळा. पंचविशीतल्या तरुणाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर सूत्राने काढलेला ईजीएफआर, म्हणजे गाळण्याचा वेग, ९५ च्या घरात येतो. पंचाहत्तरीच्या बाईंचंही १.१ च असेल, तर तोच वेग ५२ च्या आसपास! तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार धरतात. म्हणून रिपोर्टवर नुसतं क्रिएटिनिन पाहून फाइल बंद करू नये.

या झिजेमागे बहुतेक वेळा मधुमेह नाहीतर उच्च रक्तदाब असतो. ‘बीपीच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. किडनी खाते ती न आवरलेली बीपी. उलट रामिप्रिल, टेल्मिसार्टन अशी काही औषधं गाळणीच्या आतला दाब उतरवतात आणि अल्ब्युमिनची गळती कमी करतात. सुरुवातीला त्यांनी क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं, म्हणून डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगतात. मनानेच गोळी बंद करायची नाही. मिठाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. त्यात पाकिटबंद पदार्थांतलं मीठही मोजायचं.

खरी भीती वाटावी ती वेदनाशामकांची. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही नावं घराघरांत ओळखीची. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आटतं तेव्हा प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून मूत्रपिंडाला सावरतात. या गोळ्या नेमकी तीच रसायनं रोखतात. वाहिनी आवळते आणि एरवी निभावून गेली असती अशी गोळी त्या दिवशी महागात पडते.

आणि भरपूर पाणी पिऊन किडनी ‘धुऊन’ निघत नाही. मुतखडा झालेल्यांना जास्त पाण्याचा फायदा होतो, हे खरं. निरोगी माणसाला तहान पुरेशी सांगते.

ब्राइटच्या चमच्याच्या जागी आज एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण मोजणारी साधी तपासणी आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी ती वर्षातून एकदा, ईजीएफआरच्या जोडीने करावी. प्रकार दोनच्या मधुमेहात तर निदान झालं त्याच वर्षापासून. सकाळची पहिली लघवी उत्तम. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तरी लगेच धसका घ्यायचा नाही, कारण ताप किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायामही ते तात्पुरतं वाढवतो. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा तपासायचं, आणि तीनपैकी दोनदा वाढलेलं दिसलं तरच ते खरं धरायचं.