रोशा गवत : वर्गीकरण व डीएनए पुरावा

रोशा गवत (रोहिष तृण) : तृण कुलातील सिंबोपोगॉन मार्टिनाय ही बहुवर्षायू, सुगंधी जाती. खानदेशात सातपुड्याच्या उतारांवर, अक्राणी, तळोदा, शहादा, नंदुरबार या भागांत आढळते. एकोणिसाव्या शतकात येथील रोशेल तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई व गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई.

जातिनाम ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील फ्रेंच अधिकारी जनरल क्लॉड मार्टिन यांच्यावरून आले. टिपूविरुद्धच्या युद्धकाळात त्यांनी ‘बालाघाट’ प्रदेशातून आणलेल्या बियांच्या रोपांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी वर्णन लिहिले. ते १८२० मध्ये, रॉक्सबर्ग यांच्या निधनानंतर छापले गेले. हा बालाघाट म्हणजे मध्य प्रदेशातील जिल्हा नसावा; युद्धाचा संदर्भ पाहता दख्खनच्या दक्षिणेकडील घाटमाथा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढेही जुन्या ग्रंथांत रोशाची सिंबोपोगॉन शेनँथस या वेगळ्या जातीशी गल्लत होत राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ ऑटो स्टाप्फ यांनी १९०६ मध्ये तेलगवतांची फेरतपासणी करून ती बव्हंशी दूर केली.

खरा वाद रोशाच्या ‘मोतिया’ व ‘सोफिया’ या दोन प्रकारांचा आहे. दोन्ही गवते दिसायला जवळजवळ सारखी. वाळलेल्या नमुन्यावरून, केवळ कणिशकांच्या (फुलोऱ्यातील लहान घटकांच्या) आधारे, ती ओळखणे अवघड. मोतिया सामान्यतः उघड्या, कोरड्या उतारांवर वाढते व तिच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचे द्रव्य विपुल असते. सोफिया बहुधा दमट, सावलीच्या जागी आढळते आणि तिचे तेल हलक्या प्रतीचे मानले जाते. मोतियात २० गुणसूत्रे, तर सोफियात बहुतेक नोंदींनुसार ४० असतात. गुणसूत्रसंख्येतील हा फरक संकराच्या आड येत असल्याने काहींना दोन स्वतंत्र जाती हव्याशा वाटतात. प्रस्तुत नोंदीत एकाच जातीचे दोन प्रकार हे मत ग्राह्य धरले आहे.

येथे डीएनए उपयोगी पडतो, पण जपून वापरावा लागतो. वनस्पतींच्या ओळखीसाठी २००९ मध्ये सुचविलेले आरबीसीएल व मॅटके हे हरितलवकातील (पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या घटकातील) जनुकखंड इतक्या जवळच्या गवतांत फारसे बदलत नाहीत. शिवाय गवतांत हरितलवक सामान्यतः मातेकडूनच येते; संकरातील पित्याचा वाटा त्यातून कळत नाही. तो पाहण्यास पेशीकेंद्रकातील आयटीएस हा डीएनए-खंड जोडीला घेतात, मात्र बहुगुणितांत (गुणसूत्रांचे दोनहून अधिक संच असलेल्या वनस्पतींत) त्याच्या अनेक प्रती एकमेकींसारख्या होऊन एका पूर्वजाची खूण पुसली जाऊ शकते. म्हणून आरएपीडीसारख्या डीएनए-चिन्हकांची (डीएनएतील फरक दाखवणाऱ्या खुणांची) तपासणी, तेलाचे विश्लेषण व गुणसूत्रगणना एकाच ठोंबावर करावी. डीएनएसाठी ताजे पान सिलिका जेल या ओलावा शोषणाऱ्या पदार्थात सुकवून घेणे उत्तम. जुन्या संग्रहांतील नमुन्यांचा डीएनए बहुधा तुटलेला असतो.