कुलूप धातूचं, ड्रॉवर सागाचा

मे महिन्यात कपाटाला बसवलेलं कुलूप ऑगस्टमध्ये फिरेनासं होतं, तेव्हा नागपुरात सहसा कुलपालाच बोल लावला जातो. मग किल्लीवर जोर दिला जातो आणि ती आतच मोडते. खरं तर बहुतेक वेळा कुलूप ठणठणीत असतं. 15 अंशांपासून 45 अंशांपर्यंत तापमान चढलं तरी कुलपाचं 20 मिमी जाडीचं पितळी नळकांडं, म्हणजे ज्यात किल्ली जाते तो भाग, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकंच फुगतं. जागा बदलते ती लाकडाची, आणि तीही उष्णतेमुळे नव्हे, हवेतल्या दमटपणामुळे.

लाकूड म्हणजे पेंढ्यासारख्या एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्या. त्यांच्या भिंतींत पाणी शिरलं की भिंती जाड होतात, त्यामुळे फळी रुंदीत वाढते. लांबीत जवळजवळ नाही. मेच्या दुपारी इथली हवा भट्टीसारखी कोरडी असते, तेव्हा घरातल्या सागाच्या लाकडात साधारण 7 टक्के पाणी उरतं. श्रावणात तेच 14 टक्क्यांच्या आसपास जातं. पाणी एका टक्क्याने वाढलं की उभ्या चिरेचा साग (फळीच्या रुंद बाजूला झाडाची वर्तुळं काटकोनात येतात तो) रुंदीत सुमारे 0.1 टक्का आणि आडव्या चिरेचा (वर्तुळं रुंद बाजूला जवळपास समांतर असतात तो) जवळपास 0.19 टक्का फुगतो. चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग फार फुगत नाही म्हणूनच नावाजलेला आहे, पण 'फार नाही' म्हणजे 'अजिबात नाही' असं नव्हे.

आता हा हिशेब ड्रॉवरला लावून बघा. ड्रॉवरची समोरची फळी 180 मिमी उंच आहे आणि तिचे रेषे आडवे आहेत. 7 टक्के पाणी वाढलं, तर आडव्या चिरेची ही फळी 180 × 7 × 0.0019, म्हणजे सुमारे 2.4 मिमीने उंच होते. जुन्या पद्धतीच्या ड्रॉवरमध्ये फळी खालच्या पट्टीवर टेकलेली असते, त्यामुळे ही सगळी वाढ वरच्या बाजूला जाते. कुलूपही तिथेच, वरच्या काठाशी असतं.

किल्ली फिरवली की कुलपाची जीभ वर सरकून ड्रॉवरच्या डोक्यावरच्या आडव्या लाकडात शिरते. समजा जीभ 8 मिमी बाहेर येते आणि मेमध्ये वरची फट 3 मिमी आहे. म्हणजे जीभ लाकडात 5 मिमी शिरते. सुतार घाईत असेल तर खाचही 5 मिमीच खोदतो, आणि त्या दिवशी कुलूप सुरेख लागतं. पावसाळ्यात फट 0.6 मिमीवर येते, जिभेला 7.4 मिमी खोली हवी असते, पण ती 5 मिमीवरच लाकडाला थडकते. किल्ली अर्धी फिरून अडते ती इथे. म्हणून नियम असा, की आज जीभ कितीही शिरो, खाच मात्र जिभेच्या पूर्ण लांबीपेक्षा 2 मिमी जास्त खोल हवी. आपल्या उदाहरणात ती 10 मिमी होते. पावसाळ्यात कुलूप बसवत असाल तर काळजी उलटी: फट 1 मिमीच ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात ती वाढून 3.4 झाली तरी जीभ साडेचार मिमी तरी अडकून राहील. फट आधीच मोठी असेल, तर मेमध्ये हिसका दिला की बंद ड्रॉवर उघडतो.

चौकटीच्या सागवानी दारात गणित वेगळं आहे. तिथे उभ्या पट्ट्यांचे रेषे उभे असतात, म्हणून कुलपाची उंची बदलत नाही, बाजूची फट बदलते. 75 मिमीच्या दोन पट्ट्या मिळून जवळपास 2 मिमी. प्लायचं मात्र निवांत असतं: त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. प्लायच्या दारातही जीभ खाचेशी जुळेना, तर आधी बिजागरीचे स्क्रू तपासा. लहान दाराची वरची बिजागरी 1 मिमी ढिली झाली, तर कुलपाकडची बाजू जवळपास तितकीच खाली येते.

नागपूरची म्हणून आणखी एक अडचण म्हणजे कूलर. वाळ्याच्या जाळीतून येणारी दमट हवा सरळ कपाटावर येत असेल, तर भर मेमध्ये दाराची बाहेरची बाजू ओलसर आणि आतली कोरडी राहते. एकच बाजू फुगल्याने दार वाकतं, आणि जीभ खाचेच्या पुढे किंवा मागे पडते. यावर पटाशी चालवण्याआधी कूलरचं तोंड वळवून आठवडाभर वाट बघा.

प्रत्यक्ष बसवताना आधी दाराची जाडी सनमायकासकट मोजा. 19 मिमी प्लायला दोन्हीकडून 1 मिमीचा सनमायका असेल तर जाडी 21 होते, आणि नळकांड्याची लांबी त्याला जुळणारी हवी. कुलपाच्या पट्टीच्या काठापासून नळकांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर कुलपावरच मोजून दाराच्या आतल्या बाजूला गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीने, आखा. मध्यावर 3 मिमीचं भोक आरपार पाडा. मोठं भोक, म्हणजे नळकांड्यापेक्षा अर्धा मिमी मोठं, अर्धं बाहेरून आणि अर्धं आतून पाडा. एकाच बाजूने आरपार गेलात तर शेवटच्या थराला मागून आधार नसतो, तो कापला न जाता फाटतो आणि भोकाभोवती सनमायकाचे टवके उडतात.

स्क्रू 16 मिमीचे पुरतात. 25 मिमीचा स्क्रू 21 मिमी जाडीतून समोर बाहेर डोकावणारच. सागात पितळी स्क्रू थेट पिळला तर त्याचं डोकं तुटतं. आधी बारीक भोक पाडा, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढा, मग पितळी स्क्रूला मेण लावून बसवा.

खाच अंदाजाने खोदू नका. जिभेच्या टोकाला काजळ लावा, ड्रॉवर बंद करून किल्ली फिरवा. वर काळा ठसा उमटेल, तीच जागा. खाचेच्या तोंडावर बसवायच्या धातूच्या पट्टीचं भोक या ठशापेक्षा प्रत्येक बाजूने 1 मिमी मोठं ठेवा.

पत्र्याच्या कपाटाचं नट लावून आवळायचं कुलूप लाकडी दाराला बसवायचं असेल, तर त्याच्या नळकांड्याच्या चपट्या कडांकडे लक्ष द्या. पत्र्यातलं भोकही त्याच आकाराचं असतं, म्हणून ते कुलूप जागच्या जागी राहतं. लाकडात गोल भोक पाडलं की त्याला फक्त नटाचा आधार उरतो, आणि काही महिन्यांत किल्लीबरोबर अख्खं कुलूप फिरू लागतं. भोक लहान पाडून कानशीने चपटी कड तयार करा.

कुलपात खोबरेल तेल मात्र घालू नका. कपाटाच्या बऱ्याच कुलपांत पातळ पत्र्याच्या चार-पाच चकत्या बारीक स्प्रिंगवर खालीवर होतात. योग्य किल्ली त्या सगळ्या एका पातळीत आणते, तेव्हाच नळकांडं फिरतं. तेलाला धूळ चिकटते, तिचा राप होतो आणि एखादी चकती वरच अडकते. त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड चिमूटभर फुंका. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात, आणि ते घसरायला हवेतली थोडी वाफ लागते; तेवढी वाफ नागपूरच्या मेमध्येही असते. पेन्सिलीच्या शिशात चिकणमाती मिसळलेली असते, म्हणून ती पूड नको, हार्डवेअरच्या दुकानातली शुद्ध पूड आणा.