भिंतीवरच्या दोन फ्रेमा: सर्टिफिकेट आणि लायसन

टेक्सासमध्ये मुलाला ऑटिझमच्या थेरपीसाठी पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा रिसेप्शनच्या भिंतीवर दोन फ्रेमा शेजारीशेजारी होत्या. मी पहिलीच वाचली: ‘बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट’ (बीसीबीए), म्हणजे मुलाच्या वागण्याचा अभ्यास करून थेरपी आखणारी तज्ज्ञ. बोर्ड म्हटलं की आपल्या डोक्यात थेट दहावीचं बोर्ड येतं, म्हणजे सरकार. जीव भांड्यात पडला. दुसऱ्या फ्रेमकडे कोण बघतंय!

तर ते बोर्ड सरकारी नाही. ‘बिहेवियर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’ ही १९९८ साली स्थापन झालेली खासगी, ना-नफा संस्था आहे, तिची कचेरी कोलोरॅडोत. तिचं बीसीबीए सर्टिफिकेट सहज मिळत नाही. मास्टर्सची पदवी लागते, देखरेखीखाली २,००० तास काम करावं लागतं (देखरेख जास्त कडक असेल तर १,५००), शिवाय १८५ प्रश्नांची चार तासांची परीक्षा. पुढेही दर दोन वर्षांनी चालू शिक्षणाची ३२ क्रेडिटं जमवावी लागतात. थोडक्यात, थेरपी आखणारी बाई शिकलेली आहे एवढं पहिली फ्रेम सांगते.

सरकारची फ्रेम दुसरी होती. तिच्यावर राज्याचा शिक्का होता आणि खाली लायसन नंबर. टेक्सासने २०१७ मध्ये कायदा केला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून, काही अपवाद सोडले तर, लायसनशिवाय हे काम करायला बंदी घातली. लायसन देणारं खातं तेच, जे इलेक्ट्रिशियन, न्हावी आणि रस्त्यावरची गाडी उचलून नेणारे टोइंगवाले यांना लायसन देतं. हसू येतं खरं, पण मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. नियम मोडणाऱ्याला दंड कसा करायचा, हे त्या खात्याला चांगलं ठाऊक आहे.

खरा फरक कळतो तो काहीतरी बिघडल्यावर. बोर्डाकडे तक्रार केलीत आणि ती खरी ठरली, तर बोर्ड फार तर सर्टिफिकेट काढून घेईल. मग त्या माणसाला नावापुढे बीसीबीए लावता येत नाही. पण ‘उद्यापासून मुलांना हात लावायचा नाही’ असं एखादी खासगी संस्था कुणाला सांगू शकत नाही. ते राज्यच सांगू शकतं. ज्याचं लायसन गेलं, त्याने तरीही काम चालू ठेवलं तर तो कायदाच मोडतो.

आता कॅलिफोर्नियाकडे बघा. तिथे या पेशासाठी राज्याचं लायसनच नाही. ऑटिझमच्या या उपचारांचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा असा कायदा तिथे २०११ मध्ये झाला आणि जुलै २०१२ पासून लागू झाला. विम्याचे पैसे कुणाच्या कामाला मिळावेत, हे ठरवताना त्या कायद्याने राष्ट्रीय सर्टिफिकेटचा आधार घेतला. त्यामुळे व्यवहारात तिथे सर्टिफिकेटच लायसनचं काम करतं. ते गेलं की विम्याचं दार बंद. रोख पैसे देणारे आईबाप सापडले, तर मात्र अडवणारं लायसन खातं तिथे नाही.

न्यूयॉर्कने तर शब्दांचाच घोळ घालून ठेवलाय. तिथे ‘लायसन्स्ड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट’ हा राज्याचा परवाना, आणि त्यांच्या हाताखालच्या ‘सर्टिफाइड बिहेवियर अ‍ॅनालिस्ट असिस्टंट’ची मान्यतासुद्धा राज्याचीच! म्हणजे ‘सर्टिफाइड’ दिसलं की खासगी, हे गणितही सगळीकडे चालत नाही. कागद कुणी दिला, तेवढं बघायचं.

दोन्ही कागद एकमेकांत गुंतलेलेही असतात. टेक्सासमध्ये लायसनसाठी आधी सर्टिफिकेट लागतं. उलट, लायसन खात्याने कारवाई केली तर सर्टिफिकेटवाल्याने ३० दिवसांच्या आत स्वतः बोर्डाला कळवायचं, असा बोर्डाचा नियम आहे. आणि सर्टिफिकेट सामानाबरोबर राज्याबाहेर नेता येतं, लायसन सीमेवरच राहतं. डॅलसहून एडिसनला बदली झाली, की न्यू जर्सीच्या लायसन मंडळाकडे नव्याने अर्ज. ऑनलाइन थेरपीतही साधारणपणे मूल ज्या राज्यात बसलंय, तिथलं लायसन लागतं.

आमच्या घरी आठवड्यातून पाच दिवस यायची ती मुलगी मात्र यातली कुणीच नव्हती. मी तिलाच थेरपिस्ट समजत होते. ती आरबीटी, म्हणजे ‘रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन’. बारावीपर्यंतचं शिक्षण, ४० तासांचं ट्रेनिंग, कामाची चाचणी आणि एक परीक्षा. मुलगी गुणी होती, लेकाला तिचा लळा लागला होता. पण टेक्सासमध्ये टेक्निशियनला लायसन नसतं, ती लायसनवाल्या मॅडमच्या जबाबदारीवर काम करते. बोर्डाच्या नियमाने महिन्याच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास तिच्यावर देखरेख हवी. आमचे महिन्याला ८० तास होते, म्हणजे ४ तास. मी वहीत टिपायला लागले, तेव्हा पहिल्या महिन्यात भरले अडीच. वही दाखवल्यावर मॅडम दर आठवड्याला स्क्रीनवर दिसू लागल्या.

मागच्या महिन्यात पुण्याहून वहिनीचा फोन आला. तिच्या ओळखीतल्या एका मुलासाठी सेंटर बघत होते, भिंतीवर बीसीबीएची फ्रेम होती. ‘हे लायसन का गं?’ नाही. बोर्डाने १ जानेवारी २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलंय, तेव्हा ती फ्रेम जुनी असेल किंवा परदेशातून आणलेली. भारतात रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या १९९२ च्या कायद्याखाली विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी होते. त्या यादीत बिहेवियर अ‍ॅनालिस्ट नाही. तो आहे २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्याच्या परिशिष्टात. मी वहिनीला म्हटलं, सेंटरच्या त्या बाईंकडे कौन्सिलचा नोंदणी नंबर आहे का ते विचार, आणि असेल तर कशासाठी मिळालाय तेही विचार. वहिनीने तिथूनच विचारलं. मला फोनवर ऐकू आलं, ‘विशेष शिक्षिका म्हणून.’