चेहऱ्यावर बर्फ: किती, कसा आणि कुणी लावू नये

आमच्या पार्लरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हल्ली खुर्चीत बसल्याबसल्या पहिला प्रश्न येतो तो हाच: "ताई, मी रोज सकाळी चेहऱ्यावर बर्फ फिरवते, चालेल ना?" कुणी रीलमध्ये बर्फाच्या भांड्यात तोंड बुडवलेलं पाहिलेलं असतं, कुणाला जावेने सांगितलेलं असतं. काहीजणी तर थेट विचारतात, "तुमच्याकडे आईस फेशियलचं पॅकेज आहे का?"

पॅकेज नाही आणि आम्ही ते ठेवणारही नाही. थ्रेडिंगनंतर आम्ही जो बर्फ फिरवतो त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. बर्फाने थोड्या वेळापुरता आराम पडतो, त्याला ट्रीटमेंट म्हणून विकणं आम्हाला पटत नाही. मात्र चुकीच्या पद्धतीने लावलेल्या बर्फाचा डाग महिनोन्‌महिने जात नाही, हे आम्ही जवळून पाहिलंय. म्हणून हे पत्रक.

बर्फाने होतं काय

गार लागलं की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी आलं की लाली उतरते, आणि रक्तवाहिन्यांतून आजूबाजूला झिरपणारं पाणी कमी झालं की सूज ओसरते. गारठ्याने तिथल्या नसाही मंदावतात, म्हणून ठणका आणि खाज कमी जाणवते. बर्फाचे जे काही गुण आहेत ते सगळे एवढ्यातच आले.

रात्री उशिरा खारट खाल्लं, रडून झोपलात, किंवा नुसतीच झोप अपुरी झाली, तर सकाळी डोळे सुजलेले दिसतात. ही सूज गारव्याने खरंच उतरते. तशी ती उठून वावरायला लागल्यावर हळूहळू आपोआपही उतरते, गारव्याने जरा लवकर उतरते इतकंच. एखादी मोठी लालबुंद पुटकुळी ठणकत असेल तर तिचा ठणका कमी होतो. पण आतली साचलेली घाण, जंतू आणि तेल तिथेच राहतं. बर्फाने मुरूम बरे होत नाहीत. वांग, काळे डाग, सुरकुत्या यांवरही काही फरक पडत नाही. डोळ्यांखालचं काळं वर्तुळ सुजेमुळे गडद दिसत असेल तर थोडं उजळल्यासारखं वाटेल, पण त्वचेचाच रंग गडद असेल तर तो तसाच राहणार.

बर्फ बाजूला केला की आकसलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा रुंदावतात आणि गाल गुलाबी होतात. ज्याला सगळे "ग्लो" म्हणतात तो हाच. खोटा नाही, पण थोड्याच वेळाचा आहे.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. "बर्फाने पोअर्स बंद होतात" हे खरं नाही. रंध्रांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो. ती किती मोठी दिसतील हे त्यात साचलेलं तेल, वय, ऊन आणि घराण्याची त्वचा यावर ठरतं. गारठ्याने चेहरा थोडा ताठतो, म्हणून ती काही वेळ बारीक दिसतात. "वाफेने पोअर्स उघडतात" हेही तसंच. वाफेने आतलं तेल मऊ पडतं, म्हणून ब्लॅकहेड्स काढणं सोपं जातं. आमच्या धंद्यात हे वर्षानुवर्षं बोललं जातं, आम्हीही बोलायचो. आता बोलत नाही.

बर्फ आणि गार पाणी एक नव्हे

घरच्या फ्रीझरचं तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. नुकताच काढलेला खडा कोरडा, पांढुरका दिसतो आणि ओल्या बोटाला चिकटतो. कुल्फी जिभेला चिकटते ना, तसाच. असा खडा चेहऱ्याला कधीच लावू नका. मिनिट-दोन मिनिटं बाहेर ठेवा. वरून पाणी सुटून तो चकचकीत झाला की त्याचा वरचा थर शून्य अंशावर आलेला असतो.

शून्य अंशाचा बर्फही साधा नसतो. एक ग्रॅम बर्फ वितळताना जवळजवळ 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो. शून्य अंशाचं तेवढंच पाणी 80 अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी! ही सगळी उष्णता तुमच्या गालातून जाते. म्हणून तर बर्फ एका जागी धरून ठेवला की त्वचा भाजल्यासारखी होते.

आमच्या एका ग्राहकताईंच्या लेकीचं लग्न मे महिन्यात होतं. हळदीच्या चार दिवस आधी तिच्या गालावर पुटकुळी आली, आणि ती लवकर जावी म्हणून तिने टीव्ही बघता बघता बर्फाचा खडा त्याच जागी दाबून धरला. जागा बधिर झाल्यामुळे दुखलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा, मग पातळ फोड, आणि लग्नात मेकअपखाली लपवावा लागला तो तपकिरी डाग. पुटकुळी कधीच गेली होती, डाग दिवाळीपर्यंत होता. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला कुठलीही इजा झाली की ती बरी होताना काळा डाग सोडते. गोऱ्या त्वचेच्या बायकांचे व्हिडिओ बघून तसंच करताना हे लक्षात असू द्या.

लावायचाच असेल तर

चेहरा धुऊन घ्या. खडा धुतलेल्या मलमलीत किंवा मऊ सुती रुमालात गुंडाळा. गाल, हनुवटी, कपाळ असा सतत फिरवत राहा, एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. सगळा चेहरा मिळून एक ते दोन मिनिटं, दिवसातून एकदा. टोचल्यासारखं झालं की थांबा. बधिर वाटायला लागलं तर जास्त झालंय असं समजा. त्वचा पांढरी, कडक पडली तर चोळू नका, गरम पाणीही नको. कोमट पाण्याने हळूहळू ऊब येऊ द्या, आणि फोड आला तर डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांच्या खाली बर्फ नकोच, तिथली त्वचा फार पातळ असते. त्यासाठी स्टीलचा चमचा फ्रीजमध्ये दहा मिनिटं ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, खाली भाजीच्या कप्प्यात. तो पटकन ऊब धरतो, त्यामुळे जास्त वेळ टेकला तरी इजा होत नाही.

नंतर चेहरा टिपून घ्या आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. थंडीच्या दिवसांत त्वचा आधीच फुटलेली असते, तेव्हा हा उद्योग टाळलेलाच बरा.

बर्फ कुठला, हेही महत्त्वाचं. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेमध्ये केलेला बर्फ घ्या, विशेषतः फ्रीझरमध्ये मासळी-मटण असेल तर. रसाच्या गाडीवरचा लादीचा बर्फ चेहऱ्याला नको. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती महाराष्ट्रात 2018 मध्ये झाली, ती असा बर्फ रसात-सरबतात मिसळला जात होता म्हणून. थ्रेडिंग आणि वॅक्सिंगनंतर केसांची मुळं उघडी असतात, तेव्हा तर ही काळजी दुप्पट घ्यायची.

बर्फात काय काय घालतात त्याचीही यादी आमच्या कानावर येते. कॉफी, तांदळाचं पाणी, काकडी. साधं पाणी पुरतं. लिंबू मात्र अजिबात घालू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की तिथे काळे पट्टे उमटतात, कधी फोडही येतात. कोरफडीच्या पानातून निघणारा पिवळा चीक काहींना खाजतो, तो आधी निथळून टाकावा.

कुणी लावू नये

गार पाण्याने किंवा वाऱ्याने अंगावर पित्त उठतं, गांध्या येतात, त्यांनी बर्फाला हात लावू नये. काहींना खरोखर गारठ्याची ॲलर्जी असते. ती ओळखायला डॉक्टर हातावर पाचेक मिनिटं बर्फ ठेवून बघतात, आणि गांधी उठते ती बर्फ काढल्यावर, त्वचा परत गरम होताना. गारठ्याने बोटं पांढरी-निळी पडणाऱ्यांनी, गाल कायम लाल राहणाऱ्यांनी, अर्धशिशी असणाऱ्यांनी, तोंडाचा लकवा होऊन गेलेल्यांनीही टाळावं. लेझर किंवा पील झालं असेल तर ज्यांनी केलं त्या डॉक्टरांनाच विचारा. बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तो प्रकार करू नये.

लहान बाळांच्या गालांना बर्फ लावू नका. त्यांच्या गालातली चरबी मोठ्यांपेक्षा लवकर गोठते. बर्फाची कांडी चोखल्यानंतर एक-दोन दिवसांनी बाळाच्या गालावर लाल, टणक गाठ येते, हे डॉक्टरांनी 1970 मध्येच नोंदवून ठेवलंय. ती काही आठवड्यांत जाते, पण तोवर घरचे घाबरून जातात.

चेहऱ्यावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे बर्फ गारच लागत नसेल, तर संकोच न करता सरकारी दवाखान्यात दाखवा. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. औषध मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो.

ज्यांच्याविषयी आम्हाला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या वेगळ्याच. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली "गोरं करणारी" ट्यूब महिनोन्‌महिने लावलेली असते. तिच्यात स्टेरॉइड असतं. ट्यूब थांबवली की चेहरा लाल होतो, आग होते, पुरळ येतं. मग दिवसातून चार-पाच वेळा बर्फ, आणि आग सोसवेना की पुन्हा तीच ट्यूब. ताई, हे बर्फाने सुटणारं नाही. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आमच्याकडे आलात तर आम्ही फेशियल करणार नाही, डॉक्टरांकडेच पाठवू.

भाजल्यावर बर्फ नको

फोडणीचं तेल उडालं, कुकरची वाफ लागली, वॅक्स जास्त गरम होतं, तर पहिला हात फ्रीझरकडे जातो. तसं करू नका. भाजलेल्या जागी बर्फ लावला तर इजा आणखी खोल जाते. नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडत राहा. टूथपेस्ट नको, हळद नको. उन्हातून गाडीवर आल्यावर चेहरा तापलेला असतो तेव्हाही आधी सावलीत बसा, माठातलं पाणी प्या आणि साध्या पाण्याने तोंड धुवा.

आमच्याकडे बर्फ कसा वापरतो

थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि ब्लीचनंतर, तेही जागा लाल झाली तरच. प्रत्येकीसाठी नवा खडा आणि नवं फडकं, उरलेला खडा तुमच्यासमोर बेसिनमध्ये. लग्नाच्या मेकअपआधी घाम आणि सूज कमी व्हावी म्हणून अर्धा-एक मिनिट फिरवतो, चेहरा पूर्ण कोरडा होऊ देतो आणि मगच पुढचं काम सुरू करतो. दाढीनंतर येणाऱ्या दादा-काकांनाही तुरटी झोंबत असेल तर बर्फ मागता येईल.

वर सांगितलेल्यांपैकी काही त्रास असेल तर खुर्चीत बसतानाच सांगा. आमच्या मुली विचारतीलच, पण गर्दीत एखादीचं विचारायचं राहून गेलं तर तुम्ही थांबवा. तुमच्यासाठी गार पाण्याची पट्टी तयार असते.