मीठ आधी घातलं तर डबल बी शिजत नाही?

मका आणि लिमा बीन्स एकत्र शिजवून केलेलं ‘सकोटॅश’ हे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचं जुनं तोंडीलावणं. नाव तिथल्या नॅरागॅन्सेट या मूलनिवासी लोकांच्या भाषेतून आलंय. लिमा बीन म्हणजे आपली डबल बी, त्यामुळे हा पदार्थ घरी सहज होतो. पण तो करताना तिकडेही आणि आपल्याकडेही एक समज आड येतो: मीठ शेवटी घाला, नाहीतर दाणे टणक राहतात.

हे खरं नाही. उलट दाणे भिजवतानाच मीठ घालावं. दाण्याच्या सालीतलं पेक्टिन, म्हणजे तिच्या पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने घट्ट बांधलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते. एक लिटर पाण्याला साधारण १५ ग्रॅम मीठ, रात्रभर भिजवणं, सकाळी धुऊन ताज्या पाण्यात शिजवणं. दाणा फुटत नाही, आतपर्यंत चव लागते. शेवटी घातलेलं मीठ रश्शातच राहतं, आणि मला तरी तो दाणा फिकाच लागतो.

दाणे खरंच अडवतो तो आंबटपणा. सकोटॅशमध्ये बरेचदा टोमॅटो असतो. तो डबल बी पूर्ण शिजल्यावरच घाला. बोअरचं जड पाणी आणि फार जुने दाणेही त्रास देतात.

मग लोण्यावर कांदा, ढोबळी मिरची परता, शिजलेले दाणे घाला. कोवळा मका सगळ्यात शेवटी, चार-पाच मिनिटं पुरे.