फुलं गल्लीतली, ऑर्डर परगावची

गल्लीतल्या फुलवाल्याची बाहेरून ऑर्डर घेणाऱ्यांशी स्पर्धा इंटरनेटमुळे सुरू झाली असं मानलं जातं. तिची मुळं मात्र तारेच्या काळात आहेत, आणि पहिलं जाळं फुलवाल्यांनी स्वतःच विणलं होतं.

१९०८ मध्ये बर्लिनचे फुलविक्रेते माक्स ह्युब्नर यांनी दुकानदारांची एक संघटना उभी केली. परगावी फुलं पाठवायची असतील तर ती इथून न्यायचीच नाहीत. तिथल्या दुकानदाराला निरोप द्यायचा, त्याने आपल्याकडची ताजी फुलं पोहोचवायची, हिशेब नंतर. अमेरिकेत १९१० मध्ये याच धर्तीवर ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’, म्हणजे एफटीडी, सुरू झाली. ती दुकानदारांच्या मालकीची सहकारी संस्था होती. ऑर्डर घेणाराही फुलवाला आणि पुरी करणाराही फुलवाला, त्यामुळे दोघांनाही एकमेकांची गरज असे.

१९९४ मध्ये सभासदांकडून ही संस्था खासगी गुंतवणूकदारांकडे गेली. त्याच दशकात टोल-फ्री नंबर आणि वेबसाइटवरून ऑर्डर घेणाऱ्या कंपन्या वाढल्या. स्वतः एकही फूल न हाताळता ऑर्डर गोळा करायची, आपला वाटा कापून घ्यायचा आणि उरलेल्या पैशात स्थानिक दुकानदाराकडून गुच्छ करून घ्यायचा, अशी ही रीत. माझ्या मते खरी कलाटणी इथे आहे. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, लग्नाच्या वाढदिवसाची तारीख, सगळं दुकानदाराच्या वहीतून दुसऱ्याच्या संगणकात गेलं. पुढे २०१९ मध्ये एफटीडीनेही दिवाळखोरीचा अर्ज केला, पण ती रीत टिकली.

भारतात १९९४ मध्येच दिल्लीत ‘फर्न्स एन पेटल्स’ या फुलविक्री कंपनीचं पहिलं दुकान उघडलं. पुढे फ्रँचायझी आल्या, वेबसाइट आली. परदेशात राहणाऱ्या मुलाला पुण्यातल्या आईच्या वाढदिवसाला फुलं पाठवणं यामुळे सोपं झालं, हे मान्य करायलाच हवं. त्याच सुमारास पुण्याजवळ तळेगाव, मावळ भागात पॉलीहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची शेतघरं, उभी राहिली. लांब दांड्याचा डच गुलाब आणि जरबेरा गड्डीने मिळू लागले, आणि बुके ही रोजची वस्तू झाली.

तरी आपल्याकडचा मूळ धंदा बुक्याचा नव्हेच. तो पूजेचा, हाराचा, गजऱ्याचा. मुंबईत दादरच्या फुलबाजारात पहाटेच्या आधीपासून माल उतरतो. वसईकडचा चाफा-मोगरा लोकलने येतो. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात झेंडू, शेवंती, गुलछडीचे ढीग लागतात. इथूनच निघते फुलपुडी. पानात गुंडाळून दोऱ्याने बांधलेली पुडी सकाळी दाराच्या कडीला अडकवायची आणि महिन्याचे पैसे एकदम घ्यायचे, ही पद्धत मुंबई-पुण्यात कित्येक पिढ्या चालत आली आहे. चांगला पुडीवाला पंचांग तोंडपाठ ठेवतो: सोमवारी बेल, चतुर्थीला दुर्वा आणि जास्वंद, एकादशीला तुळस, शनिवारी रुईची माळ. घरात सुतक असेल तर तेही त्याला सांगावं लागत नाही, कारण शेजारच्या दारात त्याला ते कळलेलं असतं.

आज ॲपवाले ‘सबस्क्रिप्शन’ म्हणून विकतात ते नेमकं हेच. २०१९ मध्ये बंगळुरूत ‘हुवू’ या कंपनीने पूजेची फुलं जास्त दिवस ताजी राहतील अशा बांधणीत विकायला सुरुवात केली. आता किराणा दहा-पंधरा मिनिटांत आणणाऱ्या ॲपांवरही दुधाच्या पिशवीसोबत झेंडू आणि दुर्वा येतात. बुक्याच्या वेबसाइटपेक्षा पुडीवाल्याला हा धक्का मोठा आहे. बुके वर्षातून दोनदा-तीनदा घेतला जातो. पुडी हे त्याचं रोजचं उत्पन्न.

दुकानदार गप्प बसलेले नाहीत. व्हॉट्सॲपवर गुच्छाचा फोटो पाठवून, पसंती घेऊन मग बांधणारे कितीतरी आहेत. काहीजण वेबसाइटवाल्यांचीच ऑर्डर पुरी करतात. त्यात वाटा कमी मिळतो, आणि फुलं सुकलेली निघाली तर बोल त्यांनाच लागतो. व्हॅलेंटाइन डेच्या आठवड्यात घाऊक गुलाब कडाडतो, तेव्हा आधीच ठरलेल्या दरात गुच्छ देणं म्हणजे अंगावर घेतलेलं नुकसानच. म्हणून अशा दिवसांत बाहेरची ऑर्डर नाकारण्याची मुभा करारात असायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

दुकानाचा खरा आधार मात्र वेगळ्याच कामांवर आहे. लग्नातल्या वरमाला, मांडवाची सजावट, गणपतीच्या मूर्तीच्या मापाने ओवलेला हार, आणि रात्री अकराला फोन आला तरी तासाभरात लागणारा अंत्यविधीचा हार. ही कामं माप बघून, माणूस ओळखून हातानेच होतात. ती अजून तरी बहुतांशी गल्लीतल्या दुकानाकडेच येतात, आणि त्यांचे पैसे मध्ये कुणी कापत नाही.