सांगाडा बाहेर, गाद्या आत

स्टीलच्या नळ्यांची चौकट आणि त्यात दाबून बसवलेल्या जाडजूड, चौकोनी गाद्या. अशा धाटणीचे सोफे आमच्याकडे कुशन बदलायला नेहमी येतात. ‘जुना झालाय, काढून टाकू का?’ असे ग्राहक विचारतात, तेव्हा आमचा सल्ला ठरलेला असतो: चौकट सरळ असेल तर मुळीच काढू नका.

या धाटणीचे मूळ पॅरिसमध्ये आहे. वास्तुकार ल कॉर्बुझिए, त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्यांच्या स्टुडिओतल्या डिझायनर शार्लोत पेरियाँ यांनी १९२८ मध्ये ‘ग्राँ कॉन्फोर’ ही खुर्ची आखली. पुढच्या वर्षी ती पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. दोन-तीन माणसांचे सोफे त्याच आखणीतून पुढे आले. हे दोघे भाऊ आपल्याला चंडीगड शहराच्या आखणीमुळे माहीत आहेत. पेरियाँबाईंचे नाव मात्र फार कमी घेतले जाते, आणि ते आम्हाला खटकते, कारण त्या स्टुडिओत फर्निचरचे काम त्यांच्याकडेच होते. १९६५ पासून इटलीची कसीना कंपनी ही खुर्ची अधिकृतपणे बनवते. आम्ही तिची नक्कल विकत नाही. या धाटणीच्या सोफ्यांची फक्त दुरुस्ती करतो.

नेहमीच्या सोफ्यात लाकडी सांगाडा आत दडलेला असतो. त्यावर पट्टे, फोम आणि वरून ठोकलेले कापड. एक पट्टा तुटला तरी अख्खा सोफा उसवावा लागतो. इथे सांगाडा उघड्यावर आणला आणि गाद्या सुट्या ठेवल्या. बसकेची गादी दबली तर तेवढीच उचलून आणा, पाठीला हात लावायची गरज नाही. जवळपास शंभर वर्षे ही रचना टिकली ती आमच्या मते याच सोयीमुळे. देखणेपण आहेच, पण नुसत्या देखणेपणावर कोणी तीन-तीनदा फोम बदलत नाही.

काम मात्र मापाचे आहे. फोम कव्हरपेक्षा साधारण अर्धा इंच मोठा कापावा लागतो, म्हणजे कव्हर ताणून बसते, कोपरे भरतात आणि चौकट गादीला घट्ट धरते. माप कमी पडले की हात टेकायची गादी आत झुकते आणि बसणारा पुढे सरकत राहतो. बसकेला आम्ही ४० डेन्सिटीचा (घनमीटरला ४० किलो वजनाचा) फोम वापरतो. पाठीला त्याहून मऊ चालतो.

कव्हरसाठी स्वस्त रेक्झिन घेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात. खरे चामडे टिकते, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. कोरड्या फडक्याने पुसत राहा आणि सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर नळ्यांचे सांधे महिन्यातून एकदा तपासा. खाऱ्या हवेने नळ्यांच्या क्रोम मुलाम्यावर आधी तिथेच गंजाचे ठिपके उठतात.

गाद्या आणताना कव्हरे काढू नका. माप आम्हाला कव्हरासकटच घ्यायचे असते. चौकटीच्या आतली लांबी-रुंदी टेपने मोजून चिठ्ठीवर लिहून आणलीत, तर सोफा घरीच राहू द्या.